दहावा ससा

तीर्थरूप आत्यास तुझ्या शिंपी भाच्याचा, सुई बाजूला ठेवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे मजेत, एक ससा सोडून.

झालं असं, आमच्या गल्लीच्या टोकाला औषधांची प्रयोगशाळा आहे. कायदा म्हणतो, प्राण्यांवर प्रयोग करण्याआधी समितीची परवानगी घ्या, आणि समितीत विज्ञानाशी काडीचाही संबंध नसलेला एक माणूस ठेवा. अख्ख्या वस्तीतून माझी निवड झाली. (बायको म्हणाली, याहून योग्य माणूस सापडलाच नसता. कौतुकानं म्हणाली असं मी धरून चाललोय.)

पहिल्याच बैठकीत अर्ज आला: खाजेचं मलम, आधीच आणून ठेवलेले दहा ससे. आता माझी खोड तुला ठाऊकच आहे, गिऱ्हाइकानं कितीही कापड आणलं तरी मी आधी विचारतो, एवढं कशाला? सवयीनं तोंडातून गेलं, "नऊमध्ये बसवा की." शास्त्रज्ञबाईंनी आकडेमोड केली आणि म्हणाल्या, बसतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमीत कमी प्राणी वापरावेत असा नियमच आहे म्हणे. मी कॉलर ताठ करून बसलो. (माझ्याच हातची कॉलर, ती मुळातच ताठ असते.) मग सहज विचारलं, दहाव्याचं काय? तर नऊ जणांना पिंजरा, खाणं, डॉक्टर, सगळं मंजूर. दहावा कुठल्याच प्रयोगात नाही, तेव्हा घर मिळालं नाही तर सोमवारी त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं!

आत्या, मी त्याला वाचवायला गेलो आणि त्याच्याच मुळावर उठलो. जाऊन बघून आलो. पांढरा आहे, एक कान पडका, माझ्या टेपचं टोक चघळत बसला होता बिचारा. मीच नेतो म्हटलं, तर समितीच्या सभासदाला नेता येत नाही. प्राणी मुद्दाम शिल्लक पाडून घरी नेतो असा संशय येतो. (उरलेला तुकडा शिंप्याचा, हे अध्यक्षांच्या कानावर कुणी घातलं कोण जाणे.) नातेवाइकाचं घर मात्र चालतं. मोकळं अंगण, शांत स्वभाव आणि प्राण्यांची आवड हवी. अंगण तुझं आहेच. बाकीच्या दोन गोष्टी मी माझ्या जबाबदारीवर सांगून टाकल्या. शेजारच्या मांजराला तू काय काय फेकून मारतेस हे कुणी विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही.

तब्येतीला जप.

तुझा लाडका (निदान आजपर्यंतचा) भाचा

ता.क. ससा भुंकत नाही, घोरत नाही, उलट बोलत नाही. असं माणूस आपल्या घराण्यात अजून जन्मलेलं नाही.

दुसरा ता.क. हे पत्र घेऊन आलेल्या बाई टपालखात्यातल्या नाहीत. त्या प्रयोगशाळेच्या पशुवैद्य. नवं घर न कळवता बघायचं आणि घरच्या माणसाचा स्वभाव पारखायचा, असा नियम आहे. त्यांनी आज "नको" लिहिलं, की सोमवारी तो संपला. आतापर्यंत माझ्या नावानं तुझ्या तोंडून जे निघालं असेल ते निघालं. आता वर बघ, हस, आणि त्यांच्या हातातली टोपली घे. हळूच घे, तो फार घाबरट आहे.