दीड फुटाची टाकी

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं बदललं ते आज दुपारी सव्वादोनला. काकाच्या दुकानात टाइल्सचे नमुने पुसून राहिलो होतो, मोबाईल वाजला. निकिता. आठ महिन्यांनी. 'कसा आहेस' नाही, काही नाही. एवढंच: 'छोट्या टाकीत कोणते मासे राहतात? दीड फूट आहे. बाबांसाठी पाहिजे.'

तीनदा मनात वाचलं, चौथ्यांदा तोंडातून निघालं. काका म्हणे, काय झालं गा? म्हटलं, मासे.

१३ सप्टें.

काल उत्तर दिलंच नाही. लिहिलं, पुसलं, लिहिलं. पहिलं उत्तर एवढं लांब झालं होतं आणि त्यात मासा एकदाच आला होता.

आज सरळ विचारलं. टाकी कुठे ठेवणार, पाणी कोणतं, बाबांना काय झालं. तिचं उत्तर: खिडकीजवळ. बोअरचं. पॅरालिसिस, मे महिन्यात. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दिवसभर खुर्चीत असतात.

मे महिन्यात. आणि मला आज कळून राहिलं.

तिच्या बाबांना एकदाच पाहिलं आहे. उमरेडच्या स्टँडवर तिला घ्यायला आले होते. कोळसा खाणीतला माणूस, हात मिळवला तर माझा हात दिसेना.

तिचा शेवटचा मेसेज: 'फक्त माशांबद्दल बोलशील.'

चालेल.

१५ सप्टें.

बर्डीच्या बाजारातल्या मासेवाल्या चाचाकडे गेलो. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबबाहेरची टाकी मी सांभाळायचो, तेव्हापासून ओळख. म्हणाला, दीड फुटात फायटर टाक, एकच, झंझट खतम. मी विचारलं, दोन टाकले तर?

'दोन टाकले तं एक राहते. आणि जे राहते थे बी काही खुश नाही राहत.'

हसला. मला नाही आलं हसू. जानेवारीत पार्किंगमध्ये एका पोराचा दात पाडला मी, निकिताबद्दल घाण बोलला म्हणून. वाटलं ती रडेल, जवळ येईल. ती म्हणाली, 'माह्यासाठी मारलं म्हणू नको. तुले मारायचंच होतं.' पुढे चार महिने कॉलेजात तिच्याच नावाची चर्चा. मी त्या दिवसापासून गेलोच नाही. तिसरं वर्ष तिथंच पडून आहे.

तर फायटर नाही.

१८ सप्टें.

यादी केली.
गोल्डफिश: नाही. वीतभर वाढतो, घाण करतो.
एंजल: उंच टाकी लागते. नाही.
निऑन: बोअरचं जड पाणी सोसणार नाही. त्यांच्या पातेल्यात पांढरा थर जमतो म्हणे.
फायटर: एकट्या बसलेल्या माणसासमोर एकटा मासा? नाही.
गप्पी: हो. जड पाण्यात मजेत राहतात. सहा. सगळे नर, नाहीतर दोन महिन्यांत टाकीचा मोहल्ला होईल.

तिला पाठवलं. तिनं विचारलं, सहा नर आणि भांडणार नाहीत? म्हटलं, शेपट्या दाखवत फिरतात, मारत नाहीत. 'बरं आहे.' मग बराच वेळ ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं. आलं काहीच नाही.

२१ सप्टें.

सांगितलं: टाकी भरा, फिल्टर चालू ठेवा, पण तीन आठवडे मासे नको. पाणी मुरू द्यावं लागतं.

ती: 'तीन आठवडे पाण्याले लागतात, का तुले?'

डोकं सटकलं. लिहिलं, नागपुरात कोणत्याही मासेवाल्याला विचार. पाठवल्यावर वाटलं, मी खोटं तर बोललो नव्हतो, मग राग काहून आला? दोघांनाही लागतात म्हणून.

रोज पाण्याचा फोटो मागतो. पाठवते. गढूळ पाणी, मागे खिडकी. आज काचेत तिच्या ओढणीचा कोपरा होता, पिवळा. मोठा करून पाहिला. माशांबद्दलच.

२ ऑक्टो. दसरा

माझे बाबा सकाळपासून दीक्षाभूमीवर पाणी वाटायला. घरात मी एकटा. अकराला फोटो आला.

टाकीत नऊ गोल्डफिश. आठ सोनेरी, एक काळा.

काकूंनी आणले, म्हणजे तिच्या आईनं. दसऱ्याचा मुहूर्त. वास्तूत तसंच सांगितलं आहे म्हणे. आठ सोन्याचे म्हणजे बरकत, आणि काळा तो घरावरची बला अंगावर घेतो. पाणी मुरायला अजून दहा दिवस होते. नि. म्हणते, आईला अडवू कशी, मे महिन्यापासून ती पहिल्यांदा बाजारात गेली.

संध्याकाळी माझ्या बाबांना फोटो दाखवला. म्हणाले, एवढं समजते त्या काळ्याले तं बुटीबोरीले लावून टाका, आमच्या प्लांटमदी रोज बला येते.

६ ऑक्टो.

काळा मेला. काकू खूश. बला घेऊन गेला, कारण त्याच दिवशी तिच्या बाबांनी डाव्या हातानं अर्धी पोळी स्वतः खाल्ली. दुसरा काळा आणला लगेच.

मी फोन केला. नऊ महिन्यांनी आवाज ऐकणार होतो, काय बोलायचं ते ठरवलं होतं. उचलला काकूंनी. आणि मी सुरू झालो. बला-बिला काही नसते, नऊ जणांची घाण त्या एवढ्याशा पाण्यात, तेच विष झालं आहे. इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणालो, 'मासा मेला नाही काकू, तुम्ही मारला.'

काकू: 'बाप्पा, माह्या घरात एवढं होऊन राहिलं, अन् तुले माशाचं पडलं?'

त्यांनी फोन ठेवला.

बरोबर होतो मी. एकूण एक शब्द बरोबर.

९ ऑक्टो.

मेसेजला एकच टिक. तीन दिवस. ब्लॉक.

काकाच्या दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, एवढं चांगलं पोरगं, बोलत काहून नाही?

११ ऑक्टो.

चाचाकडून सहा गप्पी घेतले. म्हटलं, त्यांचे नऊ गोल्डफिश आणले तर ठेवशील? 'आण. पन पह्यले विचार, थे देतात का.'

ते आता दारात गेल्यावरच कळेल.

१२ ऑक्टो., रविवार. परतीच्या एसटीत.

सकाळी झाकणाची बादली, बॅटरीचा पंप आणि गप्पींची पिशवी घेऊन उमरेडच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणे, मासे खायचे का पाह्यचे? म्हटलं, बदलायचे.

दार काकूंनी उघडलं. पायावर डोकं ठेवलं. 'चुकलं काकू. तुम्ही नाही मारला.' त्या बाजूला झाल्या.

नि. टाकीपाशी. बारीक झाली आहे. सोनेरी सगळे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. नवा काळा खाली, काचेला लागून. तिचे बाबा खुर्ची ओढून अगदी जवळ. काळा जिकडे जाई तिकडे त्यांचं डावं बोट काचेवरून सरके. ओठ हलले. 'का... य्या.'

मला वाटलं मला काही म्हणतात.

नि. हळूच म्हणाली, 'काळ्या म्हणतात त्या माशाले. परवापासून बोलून राहिले. पयलाच शब्द आहे.'

हातात गप्पींची पिशवी. महिनाभर जपलेली यादी. सगळं बरोबर होतं आणि त्या यादीत या माशापुढे 'नाही' लिहिलं होतं.

काकूंना म्हटलं, आठ नेतो, काळा राहू द्या. एकटा असला तर निभेल, वर्षभरानं मोठी टाकी लागेल. काकू म्हणाल्या, अन् बला कोण घेईल?

भांडता आलं असतं.

'काळ्याले श्वास घेऊ द्या काकू. मंग घेईल.'

त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला गेल्या.

टाकीतलं पाव पाणी बदललं. नि.नं नळी धरली, मी बादली. आठ मासे एकेक करून काढले. एवढ्या जवळ आणि बोलणं फक्त 'थांब', 'हं', 'सांडून राहिलं'. मग नळीकडेच पाहत म्हणाली, परीक्षेचा फॉर्म निघाला का? म्हटलं, माहीत नाही. 'माहीत करून घे.' बस. याचा अर्थ काय, ते उतरेपर्यंत कळणार नाही. उतरल्यावरही नाही.

चहा झाला. एका हातात बादली, एका हातात गप्पी. ती दारापर्यंत आली.

'अजून काही सांगायचं आहे?'

नऊ महिने सगळं पाठ होतं. अगदी सुरुवातीपासून. तिच्या मागे खुर्चीतलं ते बोट काचेवर सरकत होतं, हळूहळू.

'दाणा चिमूटभरच टाकायचा,' म्हटलं. 'दिवसातून एकदा.'

'बरं.'

ती आत गेली नाही. तशीच उभी. मी बाहेर आलो, बादली पायरीवर ठेवली, आणि दार ओढून घेतलं.