केरनचा ताईत

२९ ऑगस्ट, शुक्र. अल सुलै.
खोलीत नवा माणूस आला. इद्रिस. इरिट्रियाचा, मी मेकॅनिक आहे त्याच यार्डातला ट्रेलर चालवतो. पन्नाशीचा, शांत. हिंदी मोडकी, पण माझ्या अरबीपेक्षा बरी. कॉफीत आलं घालतो. प्यायलो. बरी लागते, पण गावी चहाभक्त वडिलांना, आबांना, सांगू नये.

५ सप्टें., शुक्र.
इ. नळावर अंग धूत होता. गळ्यात काळ्या कातड्याचा चौकोनी ताईत, कडेने दुहेरी शिवण. मी हातात साबण घेऊन बघतच राहिलो. अस्साच ताईत गावी आमच्या देव्हाऱ्यात आहे, पणजोबांच्या पदकाशेजारी.
दुसऱ्या महायुद्धात पणजोबा इंग्रजांच्या पलटणीतून आफ्रिकेत गेले, केरनचा डोंगर चढले आणि मारलेल्या इटालियन साहेबाच्या गळ्यातून हा काढून आणला. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ही गोष्ट पाठ आहे. दर खंडेनवमीला कोयता, नटबोल्टचे पाने, पदक आणि ताईत पाटावर मांडायचे. सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना झेंडू.
इ.ला विचारलं, तल्यानी लोक, म्हणजे इटलीवाले, असं काही घालतात का? हसला. मला सदीक, म्हणजे दोस्त, म्हणतो.
"तल्यानी क्रॉस पहनता है, सदीक. ये हमारा लोग का है."


६ सप्टें.
दिवसभर ब्रेकचं काम. डोकं कामात नव्हतं. गोऱ्या साहेबाच्या गळ्यात ताईत कशाला असेल? इतक्या वर्षांत घरात एकालाही सुचू नये? सुचवून घ्यायचंच नव्हतं, दुसरं काय. साहेब मारला म्हटलं की मिशीला पीळ देता येतो.
बायकोला म्हटलं, ताईताचा फोटो पाठव. आबांना नको सांगूस.

१२ सप्टें., शुक्र.
इ.ला फोटो दाखवला. फोटो मोठा करून त्याने शिवण बघितली. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. केरन त्याचंच गाव. त्याच्या आईचे वडील इटलीवाल्यांच्या फौजेत होते.
"मर्जी से नहीं. तल्यानी पहले जमीन लिया. फिर बोला, फौज में आओ."
त्याच डोंगरावर गेले ते गेलेच. आई तेव्हा पोटात. पुढे इटलीवाले हरले, इंग्रज आले, नंतर इथियोपियाचं राज्य. या सगळ्यात घरदार पळून सुदानात कसाल्याला गेलं. म्हातारी अजून तिथेच आहे.
"अम्मी हर ईद को पूछती है, मेरा बाप का कबर किधर है."
मी म्हटलं, हा त्यांचाच असेल असं नाही ना.
"मालूम है."
इंग्रजांनी आमचा माणूस खालून वर चढवला. इटलीवाल्यांनी त्यांचा माणूस वर बसवला. डोंगर इ.च्या गावचा. भांडण दोघांपैकी कुणाचंच नव्हतं, आणि आम्ही त्या ताईतावर झेंडू वाहतोय. लिहून ठेवतो आणि झोपतो.

१४ सप्टें.
आबांना फोनवर सांगून टाकलं. ते स्वतः हवालदार म्हणून रिटायर झालेले, आजोबांच्या कौतुकावर वाढलेले.
"त्यो गोऱ्याचाच हाय. समद्या गावाला म्हाईत हाय."
मी इ.चं सगळं परत सांगितलं.  मग,
"म्हंजी काळ्या गरीब मानसाचं काढून आनलं, आन आपुन फुलं वाहिली व्हय?"
फोन कट. वाईट वाटलं. म्हाताऱ्याच्या हातात होतंच काय, ती एक गोष्ट होती.

१९ सप्टें., शुक्र.
इ.ने आईला फोन लावला, स्पीकरवर. भाषा कळली नाही. आवाज खोल गेलेला, थांबून थांबून बोलत होती. नंतर इ.ने अर्थ सांगितला. ती म्हणते, ताईत कुणाचा का असेना, तो माणूस त्या दिवशी माझ्या बापाच्या शेजारी होता. त्याला माझ्याकडे आणा, मी पुरते. एक कबर तरी होईल.
तिला आता चालवत नाही, दिसतंही कमी. मी डिसेंबरात सुट्टीवर जाणार. आणला तर तेव्हाच, पुढे इ. नेईल.
इ.ने ताईत मागितला नाही. तेच जड जातंय. मागितला असता तर आबांना विचारतो म्हणून वेळ मारून नेली असती.

२३ सप्टें., मंगळ.
इथला नॅशनल डे, सुट्टी. बाहेर हिरवे झेंडे आणि हॉर्नचा उच्छाद. आबांना फोन केला. "घट बसल्यात, उपास हाय," एवढंच. बायको सांगते, देव्हाऱ्यापुढे बसून असतात, काल ताईत हातात घेतला होता. राग आला. कातड्याच्या तुकड्यापायी किती ते! मग आठवलं, त्याला नुसता हात लावला म्हणून लहानपणी मी मार खाल्लाय.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
जेवणाच्या सुट्टीत घरचा व्हिडिओ कॉल. इ. शेजारी खुब्ज, म्हणजे इथली रोटी, आणि डाळ खात होता. आबांनी मोबाईल पाटाकडे वळवला. कोयता, पाने, पदक. कुंकू, झेंडू. ताईत नाही. 
मग मोबाईल आणखी सरकला. ताईत बाजूला, धुतलेल्या पांढऱ्या रुमालावर. कोरडा.
"त्येंच्यात कुकू चालत नसंल ना? म्हनून लावलं न्हाय."
मी मान डोलावली.
"शेजारी कोन बसलाय?"
"इद्रिस. तो डोंगर त्याच्या गावचा, आबा."
आबांनी टोपी सारखी केली. इ.ने खुब्ज खाली ठेवला, हात पुसले. छातीवर हात ठेवून मान लववली. 
मग आबा मला म्हणाले, "देतो म्हनलो न्हाय मी अजून. पन इचारून ठिव त्येच्या आईला, पुरायच्या आदी त्येंच्यात काय काय करत्यात."
इ.ला सांगितलं. उष्ट्या ताटावरून उठून त्याने कसाल्याला फोन लावला. लागला नाही. परत लावला. तिकडे लाइट नसते, लागेल, म्हणतो.
सुट्टी संपली. तो ट्रेलरपाशी उभा आहे, फोन अजून कानाला.