तीसची पाटी

३ सप्टेंबर, बुधवार

पंचायतीचा भोंगा फिरला आज. पुढच्या गुरुवारी ग्रामसभा. विषय काय, तर निपाणी रस्त्यावरची वेगाची मर्यादा काढून टाकणे! रिक्षातला पोरगा असं सांगत होता जसं काय लग्नाचं आवताण देतोय.

आमच्या गिरणीपुढच्या वळणावर तीसची पाटी हाय आणि अलीकडं एक हंप. दोन्ही नको झालंय गावाला. ही पाटी आमचे हे गेले तवा लागली. गिरणी बंद करून रस्ता ओलांडत होते, डोक्यावर पीठ तसंच. गाडीवाला पोलिसांना म्हणाला, "म्हातारा एकदम आडवा आला, ब्रेकच लागला न्हाय." ऐंशीनं येणाऱ्याचा ब्रेक लागंल कसा? आणि पन्नाशीतला माणूस म्हातारा व्हय? तो सुटला. माझ्या पदरात एक पाटी पडली. आता तीबी न्यायला निघालेत.

७ सप्टेंबर, रविवार

आदर्शनं पाटी काढायच्या अर्जावर सही केलीय. माझ्या पोटच्या पोरानं! आणि सांगतो कवा, तर भाकरी मोडता मोडता.

"तीसनं जायचं तर गाडी कशाला घेतली, आई? पुढं कागलच्या बाजूला ह्याच रस्त्यावर कोण विचारत न्हाय. आमची शिफ्ट चुकती. सुपरवायझर गेटवरनं परत लावतो."

मी म्हटलं, घरातनं लवकर निघावं माणसानं.

"बाबांना त्या माणसाच्या मस्तीनं मारलं. पाटीनं कुणाची मस्ती उतरती व्हय?"

बापाचं नाक घेतलंय, डोळे घेतलेत, सबुरी तेवढी घेतली न्हाय. ताट सारलं आणि उठले. तो जेवला पोटभर.

११ सप्टेंबर, गुरुवार

झाली ग्रामसभा. पंचायतीचा अध्यक्ष राजकुमार पांढरं धुतलेलं घालून आलता. भाषण केलं — गाव पुढं जायला पाहिजे, रस्ता चांगला झालाय, आणि आम्ही बैलगाडीच्या चालीनं किती दिवस जायचं! टाळ्या.

मग शेजारची अक्काताई उठली. तिच्या सुनेला बाळंतपणाला निपाणीला नेताना रुग्णवाहिका हंपावर आदळली, पोरगी कशी किंचाळली ते सांगितलं. ते खोटं न्हवतं. मी ऐकलीती ती किंकाळी. मी म्हटलं, हंप काढा, पण पाटी ऱ्हाऊ द्या. तीस नको तर चाळीस करा, पण वळणावर कायतरी मर्यादा पाहिजे.

राजकुमार गोड हसला. "मंगलआक्का, ती पाटी वाचतंय कोण? पोलीस सोडून?"

सगळी सभा हसली. आदर्शबी हसला. मी बघितलं.

हात वर करा म्हणाले. माझ्या बाजूनं मोजकेच हात आले, त्यातला एक पेंगणाऱ्या म्हाताऱ्याचा. ठराव चिकोडीला, वरच्या कचेरीत पाठवणार म्हणे.

१७ सप्टेंबर, बुधवार

चिकोडीचं उत्तर यायच्या आधीच जेसीबी आला! हंप खरवडला, पाटी उपटली. पाटी गुरवाच्या भावकूनं नेली. त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलीय. बरं झालं, कोंबड्या तरी हळू पळतील.

२१ सप्टेंबर, रविवार. अमावस्या

एक गोष्ट केलीय. कुणाला सांगणार न्हाय, म्हणून इथं लिहिते.

काल मारुतीच्या देवळापुढं उभी होते. जीप आली, सुसाट. देवळापुढं आली आणि दाबला की ब्रेक! काच खाली, हात जोडले, मग गेली. त्या पाठोपाठ दोन मोटरसायकली, तशाच. पाटीला भीक घालत न्हाईत, पण शेंदराला घालत्यात.

गिरणीमागं आमचा झिजलेला दगड पडलाय. ह्यांनीच काढून ठेवलेला. गोलच तो, पहाटे गडगडवत वळणावर नेला, वडाच्या बुंध्याला उभा केला. तेलात शेंदूर कालवून चोपडला. हळदकुंकू, लिंबू. मधल्या भोकात झेंडूचं फूल खोचलं. कंबर गेली कामातनं.

देवा, माफ कर. नसंल करायचं तर नको करू. पण गाड्या थांबव.

२४ सप्टेंबर, बुधवार

लागला ब्रेक!! दिवसभर गिरणीच्या दारात उभी ऱ्हाऊन बघते. ट्रक, टमटम, मोटरसायकली — सगळी वळणावर दबकत येत्यात. एक तर चप्पल काढून पाया पडून गेला. मला आधी हसू आलं, मग रडू. इथं माणूस मेला म्हणून लावलेल्या पाटीचं कुणी ऐकलं न्हाय. दळणाच्या दगडाचं ऐकत्यात!

आदर्श पळत आला. "आई, बघितलंस? घट बसायच्या तोंडावर देवी प्रकट झालीय!"

म्हटलं, बघितलं. हळू जात जा रं तिच्यापुढनं.

"जातो की."

तेवढ्यासाठीच केलं. बास झालं मला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सगळ्या गावानं गाड्या धुऊन दगडापुढं उभ्या केल्या. ऊस, झेंडू, भोपळे. भावकू आता पुजारी. दगडाला चांदीचे डोळे बसवलेत, नाव ठेवलंय वळणाई. मधलं भोक म्हंजे देवीचं तोंड म्हणे, त्यात पेढा कोंबत्यात. मुंग्यांची चंगळ.

राजकुमारनं नारळ फोडला आणि म्हणाला, "आता आईच राखण करती. पाटीबिटी कशाला पाहिजे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं दगडच घालावा त्याच्या डोक्यात.

१२ ऑक्टोबर, रविवार

काय तरी बिघडलंय. कालपरवापासनं ध्यानात येतंय. आता कुणी हळू होत न्हाय. हात उचलायचा, कपाळाला लावायचा, की मोकळे! पाया पडून झालं म्हंजे आता कायबी होत न्हाय, असं धरून चालत्यात. पहिल्यापेक्षा जोरात जात्यात, जीव देवीच्या हवाली करून.

आज आदर्शला बघितलं. वळणावर हँडलचा हात सोडला, कपाळाला, छातीला, पुन्हा कपाळाला. गाडी तशीच, उडाल्यासारखी. घरी आल्यावर चांगली झाडली त्याला. तर म्हणतो, "काय घाबरतीस गं? देवी हाय की."

१८ ऑक्टोबर, शनिवार

सांगून टाकलं! सगळ्यांसमोर. आरतीला राजकुमार होता, भावकू होता, अक्काताई, आदर्श, निम्मं गाव. म्हटलं, ही देवी न्हाय, माझ्या गिरणीचा दगड हाय. मी आणून ठेवलाय, गाड्या हळू जाव्यात म्हणून. ह्यावर विसंबून जोरात जाऊ नका, पाया पडते तुमच्या.

मला वाटलं, आता मारतील.

भावकूनं हात जोडले. दगडाला न्हवं, मला! "म्हंजे आई तुझ्या घरातनं बाहेर पडली, मंगल! तुझा परसूअण्णा गेला त्याच जागी येऊन बसली!" अक्काताई माझ्या पायावर डोकं ठेवून रडायला लागली. राजकुमार विचारतोय, जोडीचा दुसरा दगड हाय का, देवीशेजारी बसवू. मी ओरडत होते, अगं बायांनो, त्याच्यावर मी जोंधळं दळलेत! तर तेबी पुण्याचंच झालं म्हणे.

घरी आल्यावर आदर्शला समोर बसवलं. तू तरी ऐक. शिकलायस.

"तू ठेवलास, कबूल. पण ठेवायची बुद्धी तुला कुणी दिली?"

देवाच्या बाबतीत माणसाला हरवता येत न्हाय. मी आपलं म्हटलं, निदान हँडल सोडू नकोस. माझ्या गळ्याची शपथ. त्यानं मान हलवली, मोबाईल बघत.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

पहार घेऊन दगड काढायला गेलते. सिमिटात बसवलाय. भावकूनं हात धरून घरी आणून सोडलं, लेकराला सोडावं तसं. दिवाळीच्या दिवशी गावात चर्चा — मंगलच्या अंगात येतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऊसतोड सुरू झाली. भरलेली ट्रॅक्टरं आता वळणावरच उभी करत्यात, नारळ फोडायला. मागं दिवा न्हाय, लाल कापड न्हाय. आज दोघा ड्रायव्हरांशी भांडले. "आक्का, देवीपुढं दिवा असतोय की," म्हणाले आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आदर्श गेला. आज तेरावा. वळणावर थांबलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकला. ड्रायव्हर नारळ सोलत होता, त्यानं बघितलं. म्हणाला, पोराचा हात कपाळाला होता.

काल ग्रामसभा झाली. वळणाईपुढं कमान बांधायची, तिला आदर्शचं नाव द्यायचं. सगळ्यांचे हात वर.