मधल्या खुर्चीत

ठाणे, रविवार, मे १९५३

मी सांगते, माझी नात लिहिते. कुसुम, एकही शब्द गाळायचा नाही. आज शाळेच्या पटांगणावर तुमचा वाद्यवृंद वाजला. ऐन वैशाखात विलायती चाली! एका बाजूला तुझी होणारी सासू, दुसऱ्या बाजूला सासरा, मधल्या खुर्चीत मी. पंखासुद्धा हलवता येईना. तुझं फिडल एकटं वाजलं तेव्हा गाण्याच्या बैठकीतल्यासारखं मोठ्याने “वा!” म्हणाले, तर अख्खं पटांगण वळून बघायला लागलं. सासू कुजबुजली, “आजी, लग्नानंतर हे बंद ना? तुम्हीच शब्द दिलात.” दिला होता खरा. मधल्या खुर्चीतून पळणार कुठे? म्हटलं, “तेव्हा मी हिला ऐकलं नव्हतं. शब्द परत घेते.” कार्यक्रम संपताच दोघं उठून गेली. लग्न मोडलं तर दोष माझा. का गं, लेखणी थांबली? लिही की.