तुझ्या नंबरावर तपासलेला गोळा

स्कारवीक,
रविवार, १९ फेब्रुवारी २०१२

प्रिय आयलर्ट,

अनेक आशीर्वाद. तुला ते नको असतील, पण मी तुझी सहा वर्षांनी मोठी बहीण आहे आणि भांडण झालं म्हणून तो हक्क जात नाही. इकडे सगळं ठीक. थंडी आहे, पण कोरडी. माझा गुडघा कुरकुरतो. म्युझियमचं छप्पर गळतं आणि साहेब म्हणतात, "बोर्गहिल्ड, खाली बादली ठेवा." साऱ्या नॉर्वेत सरकारी दुरुस्ती म्हणजे बादलीच, तुला माहीत आहे.

यंदा कॉड माशांचा हंगाम जोरात आहे म्हणे. धक्क्यावर तुमची मासळी विकत घेणारा हालगाइर सांगत होता की तुझी जाळी भरून येतायत. ऐकून आनंद व्हायला हवा होता.

जरा माझ्या कामाचं सांगते. ऑक्टोबरात एका शेतात हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं थडगं सापडलं. तिच्या कमरेजवळ माती आणि गंजाचा एक गोळा होता, पावाच्या लादीएवढा. असा गोळा आम्ही फोडत नाही, खरवडतही नाही. मातीसकट उचलतो, पट्ट्यांत गुंडाळतो आणि शनिवारी दुपारी, पेशंट नसताना, हॉस्पिटलच्या स्कॅनरमध्ये ठेवतो. यंत्र गुन्व्हर चालवते. शाळेत माझ्या बाकावर बसायची, तीच. हात न लावता आतलं सगळं दिसतं. काल आत कात्री दिसली. म्हणजे कात्रीचा आकार. लोखंड गंजाने कधीच खाल्लंय, गंजाच्या कवचात नुसती पोकळी उरलीय. बाहेरून हाताला मात्र गोळा चांगला घट्ट लागतो.

अडचण एकच. कुणातरी माणसाचा सरकारी जन्मनंबर टाकल्याशिवाय ते यंत्र सुरूच होत नाही. मागच्या वेळी मी माझा टाकला होता. आठवड्याने माझ्या डॉक्टरांचा घाबराघुबरा फोन, "अहो, तुमच्या पोटात वीतभर खिळा आहे, दुखत नाही का?" म्हणून काल गुन्व्हर म्हणाली, "तुझा नको बाई. जो कधी दवाखान्याची पायरी चढत नाही, अशा कुणाचा तरी दे."

मी तुझा दिला. बाबांच्या बोटीचे कागद इतकी वर्षं मीच भरायचे, तुझा नंबर मला तोंडपाठ आहे. त्यात थोडा खोडसाळपणाही होता, खोटं कशाला बोलू.

आयलर्ट, पडद्यावर तुझे जुने फोटो आले. नोव्हेंबर २००९ चे. तू शिडीवरून पडलास तेव्हा बरगड्या बघायला तुला त्याच यंत्रात घातलं होतं. बरगड्या धड होत्या. खाली पोटात, कण्यासमोरून जी मोठी रक्तवाहिनी जाते, ती एका जागी फुगलेली होती. पाच सेंटिमीटर. त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: तातडीने बोलावले, पत्रे तीन, उत्तर नाही.

गुन्व्हरने पडदा झटकन फिरवला. "तू काही पाहिलं नाहीस. दुसऱ्याचे कागद उघडले म्हणून माझी नोकरी जाईल." मग तीच आवाज खाली आणून म्हणाली, "हे घराण्यात चालतं गं. न सांगता फुटतं. तुमचे बाबा कसे गेले?"

कसे गेले ते तूच पाहिलंस. जाळं ओढता ओढता त्यांनी पाठ धरली, डेकवर बसले, ते उठलेच नाहीत. आणि दफनानंतरच्या कॉफीला मी सगळ्या गावासमोर तुला म्हणाले, "अडुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला जाळं ओढायला लावलंस. तू मारलंस त्यांना." तू कप खाली ठेवून निघून गेलास. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेने पाच वर्षं तुला खुनी ठरवलं. बाबांच्या पोटातही हेच असणार. तुझा काही दोष नव्हता. मी चुकले, आयलर्ट, आणि फार वाईट चुकले.

आता राहिलेलं लिहिते. सकाळपासून तीनदा उठून कॉफी केली, तरी ते लिहायचं राहिलंच.

ती तीन पत्रं बाबांच्या घरी, म्हणजे मी राहते तिथेच, आली होती. तू बोटीवर राहायला गेलास, पत्ता बदलला नाहीस, तेव्हा तुझं टपाल माझ्याच दारात पडायचं. पाकिटावर हॉस्पिटलचं नाव स्पष्ट होतं. मला वाटलं, असेल काहीतरी किरकोळ... नाही. मला काहीही वाटलं नाही. तुझं नाव दिसलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिन्ही मी न उघडता शेगडीत घातली. तिसरं जळताना बरंसुद्धा वाटलं.

कालपासून तुला अकरा फोन केले. शेवटी हालगाइरला बोटीच्या रेडिओवर निरोप द्यायला लावला. तो म्हणाला, "सांगितलं, बहीण शोधतेय. म्हणाला, मला बहीण नाही." सगळ्या बोटी ऐकतात त्या रेडिओवर गुन्व्हरचं कसं सांगणार? मी म्हटलं, निदान जाळं ओढू नको एवढं तरी सांग. त्याने तेही सांगितलं. "हसला, म्हणाला, म्हातारी भ्रमिष्ट झाली, आणि रेडिओ बंद केला." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुझाही आणि माझाही.

उद्या तू मासळी उतरवायला धक्क्यावर येशील. हालगाइर हे पत्र तुझ्या हातात देईल. मी समोर उभी राहणार नाही, मला पाहून तू बोट वळवशील. ओळखते मी तुला. एकही पेटी उचलू नकोस. ती त्याची माणसं उचलतील. सरळ हॉस्पिटल गाठ आणि म्हण, माझे बाबा असे गेले, माझं पोट तपासा. गुन्व्हरचं नाव काढू नकोस. कुणी खोदून विचारलंच तर माझं सांग. हालगाइरच्या ऑफिसमागे मी गाडीत बसलेली असेन. माझ्याबरोबर यायचं नसेल तर त्याला घेऊन जा.

माफ कर असं म्हणत नाही. माझ्यावर आणखी तीस वर्षं रागावून राहा, पण तेवढी वर्षं काढ.

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. वारा पडलाय, समुद्र शांत आहे. असा दिवस तू वाया घालवणार नाहीस. या घटकेला तू जाळं ओढत असशील.

हे पाकीट तुझ्याच हातांनी उघडलं जावो.

बोर्गहिल्ड