सुमनची गती

४ ऑगस्ट, सोमवार
दिलसुखनगरला डी.जे.च्या वर्गात आज रीतसर नाव नोंदवले. वय चौसष्ट. अर्जातील 'पूर्वानुभव' या रकान्यात 'कनिष्ठ महाविद्यालयात गणिताचे अध्यापन, एकोणतीस वर्षे' असे लिहिले. शिक्षिका नाझिया, वय चोवीस. ते वाचून ती हसली नाही; ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

कारणही लिहिले पाहिजे. काल शेजारच्या वत्सलावहिनी आल्या होत्या. सुमन गेल्यापासून अंबरपेठेतील आमच्या वसाहतीत भोंडला झालेला नाही. गाणी तीच सांगत असे, बाकीच्या मागून म्हणत. वहिनी म्हणाल्या, "भावजी, शब्द कुणालाच येत नाहीत. पोरी तिकडं तेलुगू बायकांच्या बतुकम्माच्या फेराला जाऊ लागल्या, तिथं डी.जे. असतो. ह्या वर्षी बी राहिला, तर संपलाच समजा."
"व्यवस्था करतो," असे मी म्हणून बसलो.

सु.च्या फोनमध्ये अकरा गाणी आहेत. मुलींना शिकता यावीत म्हणून आजारपणात तिने स्वतः म्हणून ठेवलेली. नुसता फोन लावून फेर धरता येत नाही. खाली ढोल हवा, आणि तो सांभाळणारा हात हवा. मी त्यांतले एकही गाणे अद्याप लावून ऐकलेले नाही.

९ ऑगस्ट, शनि.
दोन डेक, म्हणजे गाणी वाजवणारी दोन यंत्रे. डावीकडचे गाणे संपत असताना उजवीकडचे असे आणायचे की ठोक्यावर ठोका पडावा. बत्तीस ठोक्यांचा एक खंड. मोजणे हे माझे क्षेत्र! वहीत तारखेपुढे गतीचा रकाना आखला; आकडा आधी लिहायचा, मगच वाजवायचे. तिसऱ्या प्रयत्नात जमले. शेजारच्या वर्गात अभियांत्रिकी प्रवेशाची मुले गणिते सोडवत होती. त्यांच्यापेक्षा माझे उत्तर आधी आले.
नाझिया : "हौ अंकल, बराबर है. मगर आप गिनते जारें, सुनते नईं."
दुसरे वाक्य दुर्लक्षिले.

२३ ऑगस्ट, शनि.
सकाळी दहा वाजता पहिले गाणे ऐकले. आधी दार लावून घेतले.
आवाज थकलेला नाही. मला वाटले होते, असेल.
नेहमीचा दोष मात्र आहे : प्रत्येक कडव्याला गती वाढते. तिसऱ्या कडव्यानंतर मागून माझाच आवाज, "सुमन, घाई होते आहे." त्यावर ती, गाता गाताच, "होऊ दे!"
पुढे ऐकणे

२४ ऑगस्ट
काल वाक्य अपुरे राहिले. राहू द्यावे.

३० ऑगस्ट, शनि.
आठवडाभर संगणकावर काम केले. सु.चे गाणे आरंभापासून अखेरपर्यंत एका गतीवर आणले. एकही ठोका इकडे तिकडे नाही. माझे वाक्यही काढून टाकले. अत्यंत समाधानाने नाझियाला ऐकवले.
तिने गाणे मध्येच थांबवले. मग : "अंकल, ये क्या कर दिये? आंटी को स्केल रखके सीधा कर दिये आप."
मी सांगितले, मूळ गाण्यात गती वाढत होती, म्हणजे चूकच होती.
"चूक कैकू? गोल फिरनेवाली औरतां गरम होते जातीं ना. आंटी उनकू देखके गारीं."
परतताना बसमध्ये हिशेब मांडला : बत्तीस वर्षांचा संसार, आणि दर नवरात्रात मी तिला हेच सांगत आलो. ती कोणाकडे पाहून गाते, हे एकदाही पाहिले नाही.
घरी येताच मूळ गाणे परत घेतले.

१३ सप्टेंबर, शनि.
आता उलट पद्धत. गाण्याला हात लावायचा नाही. उजव्या डेकवर ढोल. ती पुढे गेली की गतीची पट्टी बोटाने किंचित सरकवून ढोल तिच्या मागे न्यायचा. मोजून साधत नाही. ती श्वास कुठे घेते, ते पाठ करावे लागते. आज पाचही कडवी ढोल न सुटता पार पडली.
नाझियाने तिचे हेडफोन काढून माझ्या गळ्यात घातले. "अब आप डी.जे. हैं, अंकल. जाओ, बजाओ."
इतका आनंद प्रथम श्रेणी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. हे अतिशयोक्त नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
सायंकाळी साडेपाच. वसाहतीच्या मैदानात पाटावर हत्ती काढलेला. माझी यंत्रे सु.च्या शिलाई मशीनच्या टेबलावर. सदऱ्याला इस्त्री होती. मुली हाताची घडी घालून उभ्या. एक जण, "अंकल, बेस बढ़ाओ ना!" वाढवला.
पहिल्या कडव्याला सहा जणी. दुसऱ्याला मोजले नाही.
माझे वाक्य ठेवले होते. साऱ्या मैदानावर माझाच आवाज घुमला, "सुमन, घाई होते आहे." फेर थबकला. वत्सलावहिनी ओरडल्या, "भावजी, अजून बी टोकू लागलाव का तिला!" हसू फुटले, आणि त्या हसण्यावर सु.चे, "होऊ दे!"
मी पट्टी पुढे सरकवली. फेर धावू लागला. ढोल एकदाही सुटला नाही.
खिरापत कोणालाच ओळखता आली नाही. "पुळिहोरा!" "शिरा!" "केक!" निघाला जर्दाळूचा खुबानी का मीठा. सु. असती तर डब्याचा वास घेऊन सांगितले असते.
वहिनी निघताना : "उद्या दोन गाणी. ध्यानात हाय ना?"

२३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळ
भोंडल्याचा नियम : पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत जायचे. माझ्याजवळ ऐकलेले एकच आहे.
दुसरे : तीन मिनिटे चाळीस सेकंद. फोनवर एवढेच दिसते.
चहा झाला. दार लावलेले नाही. हेडफोन कानावर आहेत, उजव्या डेकवर ढोल तयार आहे. वहीत आजच्या तारखेपुढे गतीचा रकाना कोरा ठेवला आहे.