पेशी भांडेनात!

सोमवार, ४

फ्रिजवरून पेटलं! मी डब्यांवर चिकटपट्ट्या लावून तारखा घातल्या — लॅबची सवय, दुसरं काय! सासूबाईंना वाटलं, त्यांच्या स्वयंपाकाची मुदत संपल्याची ही नोटीस आहे. 'माझ्या हातचं खाऊन आजवर कोणी मेलेलं नाही!' मी म्हटलं, 'आई, तसं नाही हो.' पण तोवर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मग माझ्याही झोंबल्या. भांड्यांचा स्पंज उकळण्यापासून दाराच्या कड्या स्पिरिटने पुसण्यापर्यंत माझे सगळे जुने गुन्हे बाहेर निघाले. 'घराचा दवाखाना केलास!' नवरा वर्तमानपत्रामागे. ते आमचं तटस्थ राष्ट्र.

मंगळवार, ५

सासूबाई महिनाअखेरीला लेकीकडे चालल्या. कायमच्या. बॅग पलंगाखालून काढून, येणारा-जाणारा अडखळेल अशी बरोब्बर मधोमध ठेवलीय.

बरंच झालं.

बुधवार, ६

बरं कसलं? डोंबलाचं! मी घरी आले की दाराशीच कोण विचारणार, 'उंदरांना खायला घातलंस, तू खाल्लंस का?' मला त्या जायला नकोयत. लिहून टाकलं एकदाचं. बोलायला जावं तर तोंडातून भलतंच निघतं. आज 'राहा ना' म्हणायला गेले आणि म्हणाले काय, तर 'बॅगेची चेन बिघडलीय.' त्या म्हणाल्या, 'सुतळीने बांधीन.'

गुरुवार, ७

लॅबमध्ये वेगळंच घोडं अडलंय. मॅडमचं नवं औषध पेशींची भांडणं थांबवतं. म्हणजे उद्या कुणाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं, तर शरीराने आदळआपट करू नये. पण थांबवलं हे दाखवायला आधी भांडण हवं ना! दोन परक्या माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एका प्लेटमध्ये सोडल्या की त्या एकमेकींवर तुटून पडतात. एरवी एक बाजू माझी असते आणि दुसरी आमच्या अकाउंटंटची. तो तापाने आडवा. मॅडम म्हणाल्या, 'दुसरं कोणी बघ. धडधाकट, तुझ्याशी रक्ताचं नातं नसलेलं. आणि भांडण चांगलं सणसणीत व्हायला हवं.'

माझ्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला.

शुक्रवार, ८

सासूबाई आल्या! विचारलं खरं, पण येतील असं वाटलं नव्हतं. नव्या चपला घालून आल्या. संमतीपत्र शेवटपर्यंत वाचलं. 'कधीही माघार घेता येईल' या ओळीवर बोट ठेवून नर्सला म्हणाल्या, 'हे खोडा. मी माघार घेत नाही.' सुई टोचली तर हूं की चूं नाही. उलट नर्सलाच तक्रार — 'सुई मला, आणि डोळे हिने मिटलेत बघा!' मग माझंही काढलं. दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्या वाकून बघायला लागल्या.

'माझं जास्त लाल आहे,' म्हणाल्या.

शनिवार, ९

पेशी प्लेटमध्ये सोडल्या. लढा बायांनो!

शुक्रवार, १५

भांडेनात!! भांडल्या की पेशी फुगतात, झुंडी करतात, वाढत सुटतात. इथे? सगळ्या मूग गिळून बसलेल्या. औषध घातलंच नव्हतं तिथेसुद्धा! मी मायक्रोस्कोपची भिंगं पुसली, मग स्वतःचा चष्मा पुसला. तरी शांतता.

घरी हसत हसत सांगितलं. सासूबाईंचा तिळपापड झाला. 'माझ्या पेशी घाबरल्या? तुझ्या पेशींना?'

'दोघींच्याही गप्प आहेत, आई.'

'तुझ्या आधी गप्प बसल्या असतील. मग माझ्या कशाला बोलतील?'

मग बराच वेळ नुसती भांडी आपटत होत्या. हळूहळू आपटणं कमी झालं. शेवटी एक ताट तर चक्क अलगद ठेवलं.

रविवार, १७

सासूबाई फोनवर लेकीला सांगत होत्या, 'अगं, रक्तात तपासून आलंय! आमचं आतून पटतं. वरवरचं काय, होतच असतं ते.' मग शेजारणीला सांगितलं. मग लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी बाईंना.

घरात भयंकर गोडवा आलाय. डब्यांवर तारखा आता त्या स्वतः घालतात, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. कालच्या भाजीवर तारखेखाली लिहिलंय — 'तरी चांगली आहे.' मीही आज स्पंज उकळला नाही. अगदी जिवावर आलं, पण नाही उकळला.

मंगळवार, १९

बॅग पलंगाखाली गेली! मी पाय लावून पाहिलं — रिकामी आहे. सासूबाई जात नाहीयेत! नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं, आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुन्हा वर धरलं. इतक्या लवकर विश्वास बसत नाही त्याचा.

बुधवार, २०

मॅडमचाही बसत नाही. 'दोन परक्या माणसांच्या पेशी इतक्या गप्प? अशी जोडी लाखांत एखादी निघते.'

'निघालो ना आम्ही!' मी छाती फुगवून म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. 'किरण कोणाच्या पेशींना दिलेस?'

प्लेट लावण्याआधी एका बाजूच्या पेशींना किरण देऊन निकामी करायचं असतं, म्हणजे दुसरी बाजू किती चवताळते ते स्वच्छ मोजता येतं. रोजचं काम आहे हे. झोपेतही चुकायची नाही मी. आता आठवायला लागले. सासूबाईंची नळी यंत्रात ठेवली होती. एकटी कशी दिसत होती बिचारी. आणि मग तिच्या शेजारी...

'दोघींच्या,' मी म्हटलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. थोड्या पेशी गोठवून ठेवल्या आहेत, त्या उद्या नीट लावायच्या आहेत. घरी हे बोलले — प्रयोग परत लावतेय म्हणून. का, ते नाही बोलले. सासूबाई म्हणाल्या, 'लाव की. शंभरदा लाव!'

देव पाण्यात घातलेत. प्रयोगासाठी नाही. बॅगेसाठी.

बुधवार, २७

भांडल्या. अशा भांडल्या की प्लेट फुटायची तेवढी बाकी होती. मॅडम नाचल्या — 'इतकी सणसणीत जोडी या लॅबने पाहिलेली नाही!'

दार सासूबाईंनीच उघडलं. 'आज कळणार होतं ना? काय आलं?'

'तेच आलं, आई. गप्प.'